गोल हुकला, आता पुढची मॅच कधी?

कबड्डीतला रेडर बघा. रेड फसली, समोरच्यांनी त्याला मातीत दाबलं, तो बाहेर जाऊन बसला. दोन मिनिटांत आपल्या कुणीतरी समोरचा एक गडी टिपला की हा पुन्हा आत. एक रेड ३० सेकंदांची, सामना ४० मिनिटांचा. फसलेल्या रेडचं दुःख करत बसायला त्याला वेळच मिळत नाही. पुढच्या रेडमध्ये दोन पॉइंट आणले की हिशेब चुकता.

आता तुमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीममधला स्ट्रायकर बघा. अख्खी मॅच तो पुढे उभा. बॉल मध्यावर घुटमळतोय, कधी आपल्याच डीमध्ये अडकलाय, आणि हा एकटा समोरच्या दोन डिफेंडरांच्या मध्ये उभा राहून हात वर करून बॉल मागतोय. सगळ्या मॅचमध्ये त्याला खरी म्हणावी अशी संधी किती वेळा मिळते? दोनदा. नशीब जोरात असेल तर तीनदा. त्यातली एक त्यानं बारावरून मारली की बाहेर उभं असलेलं सगळं कॉलेज एका सुरात ओरडतं, "काय केलं बे हे!"

हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही, तो खेळच तसा आहे. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये ६४ सामन्यांत १७२ गोल झाले. तोवरच्या कुठल्याही वर्ल्ड कपपेक्षा हा आकडा जास्त होता, तरी सरासरी काढली तर एका मॅचला तीनसुद्धा गोल पडत नाहीत. जगातले सगळ्यात भारी खेळाडू, त्यांच्यामागे डॉक्टर, कोच, कॉम्प्युटरवर बसलेली माणसं, आणि दोन्ही टीमचे मिळून गोल तीनपेक्षा कमी. क्रिकेटमध्ये एका चौकाराची किंमत किती, हे संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. फुटबॉलमध्ये एका गोलवर माणसं आयुष्यभर बोलतात. गोल इतका गोड लागतो तो याचमुळं, आणि त्याची भीती वाटते तीही याचमुळं.

गोडीबद्दल आधी बोलू, कारण ती न कळता भीतीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. तुमच्यापैकी ज्यांनी एकदा तरी गोल मारलाय, मग तो दोन दप्तरांच्या मधून का असेना, त्यांना माहितीये. पायाला बॉल नीट बसला की तो लागल्याचं जाणवतच नाही. नीट न बसलेली किक दुखते, नीट बसलेली दुखत नाही. मग अर्धा सेकंद सगळं शांत. मग पाय आपोआप पळायला लागतात, कुठं पळायचं ते ठरलेलं नसतं. आमच्या चिखलीत तर गोलला जाळी नसते. त्यामुळं गोल झाला की दोन गोष्टी एकदम होतात. आपली पोरं स्ट्रायकरच्या अंगावर उड्या मारतात आणि समोरची पोरं ओरडतात की बॉल बाहेरून गेला. मैदानाच्या कडेला बाभळी आहेत, बॉल थेट तिकडं. एका चांगल्या गोलनंतर बॉलला काटा लागून मॅच तिथंच संपल्याचं मी स्वतः बघितलंय. गोल मात्र धरला गेला. दोन्ही टीमचा त्याबाबतीत एकमत, कारण भांडायला बॉलच उरला नव्हता.

ही झाली गंमत. आता दुसरी बाजू.

मागच्या वर्षीच्या एका आंतरमहाविद्यालयीन मॅचची गोष्ट. कॉलेजचं नाव नको, पोराचं तर मुळीच नको. वेळ संपली तेव्हा बरोबरी, मग टायब्रेकर. याची पाचवी किक. अकरा मीटरवर बॉल, समोर ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच अशी उघडी चौकट, मध्ये एक गोली. कागदावर बघितलं तर किती सोपं. त्यानं बॉल आकाशात मारला. टीम पहिल्याच मॅचमध्ये बाहेर. संध्याकाळी एसटीनं परत येईपर्यंत त्याची रील तयार होती. बॉल उडतो तिथं कुणीतरी रॉकेट जोडलं होतं आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. दोन-तीन दिवस ती कॉलेजच्या प्रत्येक ग्रुपवर फिरली. टाकणारे वाईट होते असं मला म्हणायचं नाही. त्यातले निम्मे त्याच्याच वर्गातले, त्याच्याबरोबर डबा खाणारे. पण ते पोरगं नंतर मैदानावर आलं नाही. म्हणजे सकाळी येतो, पोलीस भरतीची १६०० मीटर पळून जातो. संध्याकाळी बॉल निघायच्या आत घरी गेलेला असतो.

यावर आपण काय म्हणतो ते मला पाठ आहे. एक गट म्हणतो, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" दुसरा म्हणतो, "दडपण झेपत नाही त्यानं पेनल्टी घ्यायचीच कशाला?" तिसरा गट सेमिनारवाला, तो म्हणतो की खेळाडूंना मानसिक कणखरतेचं प्रशिक्षण दिलं पाहिजे. तिघांचंही थोडंथोडं बरोबर असेल. पण मला वाटतं तिघंही पोराच्या डोक्यात बघतायत, आणि अडचण डोक्यात नाहीये. ती वेळापत्रकात आहे. त्या पोराला पुढची खरी मॅच एक वर्षानं होती. ते थर्ड इयरला होतं, म्हणजे ती मॅच कधीच नव्हती.

हे आधी कुणी मोजलंय का? चला, मोजू. शाळेत असताना सुब्रोतो कप किंवा शालेय स्पर्धा, कॉलेजात संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, आणि मध्येच कुठल्या तरी चषकाचं बॅनर लागलं तर ते. आपल्या वाट्याला येणाऱ्या अशा बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीनं होतात, हरला की घरी. सोळा संघांच्या बाद स्पर्धेत एकूण सामने होतात १५, आणि त्यातले आठ संघ एकच मॅच खेळून बस पकडतात. म्हणजे निम्म्या स्ट्रायकरांच्या पदरी एक मॅच. एका मॅचमध्ये दोन-तीन संधी. वर्षभर सकाळी उठून घाम गाळायचा आणि वर्षाचा निकाल दोन-तीन किकमध्ये. मग पाय जड होणार नाही तर काय होणार? त्या जागी दगड उभा केला तर त्यालाही घाम फुटेल.

मोठ्या खेळाडूंचंही काही वेगळं नसतं, फक्त त्यांना पुढची मॅच असते. २ जुलै २०१० ला जोहान्सबर्गमध्ये घानाचा असामोआ ग्यान पेनल्टीसाठी उभा होता. जादा वेळेतले शेवटचे क्षण, गोल झाला असता तर आफ्रिकेतला एखादा देश पहिल्यांदाच वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला गेला असता. अख्ख्या खंडाचं ओझं एका पायावर. बॉल क्रॉसबारला लागून वर गेला. हे सगळ्यांना आठवतं. जे फार कमी जणांना आठवतं ते असं, की त्यानंतर काही मिनिटांतच टायब्रेकर सुरू झाला आणि घानाची पहिली किक घ्यायला पुन्हा ग्यानच पुढं आला. आणि त्यानं गोल मारला. घाना हरलं ते हरलंच. पण तोच माणूस, तोच गोल, तीच रात्र, आणि पाय चालला. एवढ्या वेळात त्यानं मानसिक कणखरतेचा कुठला कोर्स केला असेल? त्याला फक्त लगेच दुसरी किक मिळाली.

इटलीच्या रॉबर्तो बाज्जोला लगेच मिळाली नाही. १९९४ च्या फायनलमध्ये ब्राझीलविरुद्ध त्यानं पेनल्टी वरून मारली आणि तिथंच वर्ल्ड कप गेला. मान खाली घालून उभ्या असलेल्या बाज्जोचा तो फोटो तुम्ही नक्की बघितला असेल. त्याच टीमच्या आणखी दोघांच्या किक त्या दिवशी हुकल्या होत्या, पण त्यांचे फोटो कुणाच्या भिंतीवर नाहीत. वर्ल्ड कपमध्ये पुन्हा पेनल्टी मारायला बाज्जोला चार वर्षं थांबावं लागलं, १९९८ मध्ये चिलीविरुद्ध, सामना संपत आलेला आणि इटली १-२ नं मागे. या वेळी गोल झाला. आणि मेस्सी? २०१६ च्या कोपा अमेरिका फायनलमध्ये त्यानं टायब्रेकरची किक बाहेर मारली आणि देशासाठी खेळणं थांबवतो असं सांगून टाकलं. काही आठवड्यांत तो परत आला. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये पोलंडविरुद्ध त्याची पेनल्टी गोलीनं अडवली, त्याच स्पर्धेत त्यानं सात गोल मारले, फायनलमध्ये दोन, आणि कप उचलला. ती पोलंडची पेनल्टी आज कुणाला आठवते?

बुकायो साकाचं उदाहरण आपल्या रीलवाल्या प्रकाराला जास्त जवळचं. ११ जुलै २०२१, युरो फायनल, इंग्लंडची शेवटची किक, वय १९. म्हणजे तुमच्यातल्या एफवाय-एसवायवाल्यांच्या वयाचा. इटलीच्या गोलीनं ती अडवली. त्या रात्री त्याच्या आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांच्या फोनवर वंशद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. नंतर तो आपल्या आर्सेनल क्लबमध्ये परतला, तेव्हा चाहत्यांनी पाठवलेल्या पत्रांनी एक अख्खी भिंत भरून ठेवली होती. मला ती भिंत आवडते, पण मी तिच्यापाशी थांबणार नाही. साका त्या मोसमात आठवड्याला एक-दोन मॅच खेळत होता. हुकला, मारला, पुन्हा हुकला, पुन्हा मारला. २०२४ च्या युरोमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध ८० व्या मिनिटाला बरोबरीचा गोल त्यानं केला आणि टायब्रेकरमधली किकही आत घातली. पत्रांनी धीर दिला असेल, नक्कीच दिला असेल. पण पायाला सवय मॅचनं लावली.

आता आपल्या देशाकडं येऊ, कारण चिखलीच्या मैदानावर जे होतं तेच मोठ्या आकारात दिल्ली-कोलकात्यात होतं. सुनील छेत्रीनं २००५ मध्ये क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध भारतासाठी पहिला गोल मारला. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध तो निरोपाची मॅच खेळला तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ गोल होते. ती मॅच ०-० सुटली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कतारमधल्या आशियाई कपमध्ये आपण ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया, तिघांशी हरलो आणि तीन सामन्यांत एकही गोल करू शकलो नाही. २०२४ या सबंध वर्षात भारतीय पुरुष संघानं एकही सामना जिंकला नाही. शेवटी २०२५ च्या मार्चमध्ये चाळीस वर्षांच्या छेत्रीला परत बोलावलं. तो शिलाँगला मालदीवविरुद्ध उतरला आणि हेडरनं गोल मारून मोकळा झाला.

आपण टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्यात, माणूसच तसा आहे. पण जरा विचार करा, १४० कोटींच्या देशाला गोल मारायला रिटायर झालेल्या माणसाला घरून आणावं लागतं, यात कौतुक किती आणि नाचक्की किती? दुसरा स्ट्रायकर का तयार झाला नाही? पोरांच्या पायात ताकद नाही म्हणून नाही. आयएसएलमधल्या बहुतेक क्लबांत सगळ्यात पुढची जागा परदेशी खेळाडूची. आपली पोरं बाजूनं पळणार, क्रॉस टाकणार, नाहीतर बाकावर बसणार. जो गोलसमोर उभाच राहत नाही त्याला गोल मारायची सवय कशी लागणार? त्यात २०२५ च्या जुलैमध्ये तर पुढचा हंगामच थांबवून ठेवल्याचं जाहीर झालं. देशातली सगळ्यात मोठी लीग, आणि तेव्हा खेळाडूंना माहीत नव्हतं की पुढची मॅच कधी. आपल्या थर्ड इयरच्या पोरात आणि त्यांच्यात मग फरक काय राहिला?

याच्या उलट चित्र बघायचं असेल तर परदेशात जायला नको, कोल्हापूरला जा. तिथल्या पेठांमधल्या तालमींचे संघ आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या गावात फुटबॉल वाढला तो या तालमींच्या अंगणात. छत्रपती शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग चालते, ती झाली की एकामागून एक स्पर्धा, आणि भर दुपारी कामं टाकून माणसं गॅलरीत बसलेली असतात. तिथं दडपण नाही असं समजू नका. पेठेची इज्जत पणाला लागलेली असते, हुल्लडबाजीच्या बातम्याही येतात, आणि पेनल्टी हुकवणाऱ्याला चहाच्या टपरीवर जे ऐकावं लागतं ते इथं छापता येणार नाही. आपल्या रीलपेक्षा ते सौम्य नक्कीच नसतं. पण तो स्ट्रायकर थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच मैदानावर, त्याच प्रेक्षकांसमोर उतरतो. आज शिव्या देणारा परवा त्यालाच खांद्यावर घेतो. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, तेव्हा भारताच्या फॉरवर्ड लाइनमध्ये एक मराठी पोरगं होतं, अनिकेत जाधव. ते कोल्हापूरचंच असावं, यात आश्चर्य काय?

२०१७ म्हटलं की मला आमची शाळा आठवते. त्या वर्ल्ड कपच्या आधी, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारनं 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' जाहीर केलं होतं. एकाच दिवशी राज्यातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळांना बॉल वाटले गेले. तुम्हीही तेव्हा सहावी-सातवीत असाल, आठवत असेल. आमच्याही शाळेत कोरे बॉल आले, रबराच्या वासाचे. पाऊस पडून गेलेला, काळी माती बुटाला चिकटून एकेक पाय किलोभराचा, आणि साठ-सत्तर पोरं एका बॉलमागं. मुलीसुद्धा. मज्जा आली, खोटं का बोलू. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी बॉल ऑफिसच्या कपाटात गेले आणि कपाटाची किल्ली कुणाकडं असते हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मग ९ ऑक्टोबर आला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारत विरुद्ध कोलंबिया. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिननं कॉर्नर घेतला आणि मणिपूरच्या जिक्सन सिंगनं हेडरनं बॉल आत घातला. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधला भारताचा तो पहिला गोल. स्टेडियम वेडं झालं, टीव्हीसमोरचे आपण वेडे झालो, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल मारून मॅच घेतली. आनंद मिनिटभर टिकला. त्या स्पर्धेत आपण तीन मॅचमध्ये नऊ गोल खाल्ले आणि तो एक दिला. तरी आजही त्या संघाचं नाव निघालं की तो एक गोलच आठवतो, नऊ नाही. गोलची ताकद ती हीच. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. त्या दिवशी राज्यात दहा लाख पोरांच्या पायाला बॉल लागला, त्यातल्या किती जणांना दुसऱ्या आठवड्यात मॅच मिळाली?

मुलींचं तर विचारूच नका, किंवा विचाराच. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुलींचा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कपही भारतात झाला. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. सोळा गोल खाल्ले, दिला एकही नाही. लोकांनी टिंगल केली. त्यातल्या किती लोकांनी आपल्या तालुक्यात मुलींची एक तरी फुटबॉल मॅच उभं राहून बघितलीये? आमच्याकडं मुलींची टीम करायची म्हटलं की अकरा नावं जमवताना खो-खोच्या पोरी उसन्या घ्याव्या लागतात, आणि स्पर्धा म्हणजे वर्षातून एकदा, तीही समोरची टीम आली तर. नाही आली तर 'पुढे चाल'. मुलींच्या टीमला मॅच न खेळताच पुढची फेरी मिळते आणि पुढच्या फेरीत ज्यांच्याशी गाठ पडते त्या खेळून आलेल्या असतात. म्हणूनच ५ जुलै २०२५ ला भारतीय महिला संघानं थायलंडला त्यांच्याच घरी २-१ नं हरवून आशिया कपचं तिकीट काढलं, तेव्हा मला त्या दोन्ही गोलांपेक्षा संगीता बासफोरचं जास्त अप्रूप वाटलं. दोन्ही गोल तिचेच. इतक्या मोठ्या मॅचमध्ये पाय न कापता दोनदा मारायचं, म्हणजे त्यामागे किती मॅच खेळाव्या लागल्या असतील.

असो. रडगाणं पुरे. मला जे म्हणायचंय ते खर्चिक नाही. आपल्याला अकादमी नको, टर्फ नको, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन तर नकोच. आपल्याला मॅच हव्यात. आणि त्या साखळी पद्धतीच्या.

गणित सोपंय. सहा टीम घ्या. चिखलीतल्याच कॉलेजांच्या दोन-तीन, एक जुन्या पोरांची, एक बुलढाण्याहून, एक मेहकर नाहीतर देऊळगाव राजाहून. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. एकूण सामने ३०, प्रत्येक टीमच्या वाट्याला दहा. एका रविवारी सकाळी तीन मॅच, म्हणजे दहा रविवार. अकरा जण जमत नसतील तर सात-सातचे खेळा, वीस-वीस मिनिटांचे हाफ. उन्हं चढायच्या आत सगळं आटपतं. बाद स्पर्धेत एक मॅच खेळून घरी जाणारा स्ट्रायकर इथं दहा मॅच खेळेल, पंचवीस-तीस वेळा गोलसमोर उभा राहील. पहिल्या रविवारी हुकला तर दुसऱ्या रविवारी आहेच. आणि रील बनवणाऱ्यांनाही मग काम वाढेल. दर रविवारी नवा कुणीतरी हुकणार, मागच्याची रील कोण बघणार?

खर्च काय? दोन बॉल, एक शिट्टी, फक्कीचं पोतं. प्रवेश फी टीममागे इतकीच ठेवा की डबा न आणणाऱ्यांच्या वडापावलाही पुरेल. बक्षिसाची रक्कम ठेवूच नका, माझं स्पष्ट मत आहे. रक्कम आली की बॅनर येतं, बॅनर आलं की फोटो येतात, आणि मग शहरातून भाड्यानं आणलेले खेळाडूही येतात. आपल्या पोरांना पुन्हा बाकावर बसायला सांगायचं का?

अडचणी मला माहीत नाहीत असं नाही. रविवारी मैदान टेनिस बॉल क्रिकेटवाल्यांचं असतं, सकाळी भरतीवाले पळत असतात, त्यांचा हक्क आधीचा आहे आणि त्यांच्या घरची गरज आपल्यापेक्षा मोठी आहे. त्यांच्याशी बोलूनच वेळ ठरवावी लागेल. खरं तर वर्षातून एकच संधी मिळण्याचं दडपण त्यांच्याइतकं कुणाला कळतं? जागा निघेपर्यंत पळायचं, आणि मैदानी चाचणीच्या दिवशी ताप आला तर संपलं. भरतीच्या जागा आपल्या हातात नाहीत. फुटबॉलच्या मॅच आहेत. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत निम्मी टीम शेतात असेल, तर लीग दिवाळीनंतर ठेवा. परीक्षा आल्या तर दोन रविवार सोडा. क्रीडा शिक्षक साथ देतील का? काही देतील, काही सही नाही म्हणतील. नागपूरला हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं बघितली, आणि त्यांच्यासाठी केलेल्या पहिल्या गोष्टींपैकी एक म्हणजे स्पर्धा भरवली. पुढं त्यातूनच 'स्लम सॉकर' उभं राहिलं आणि त्यावरचा 'झुंड' तुम्ही बघितलाच असेल. आपण सिनेमा बघून आलो, शिट्ट्या मारल्या, आणि मैदानावर पुन्हा एकदा शॉर्ट पिच क्रिकेट सुरू केलं.

ते थर्ड इयरचं पोरगं आता कॉलेजात नाही, म्हणून जुन्या पोरांची टीम मी मुद्दाम यादीत घातलीये. त्याला कुणी समजावायला जाऊ नका, 'हारना मना है' छाप स्टेटस तर अजिबात पाठवू नका. संध्याकाळी फोन करून एवढंच सांगा की रविवारी साडेसातला मॅच आहे आणि एक जण कमी पडतोय. आला तर आला. पेनल्टी मिळाली तर कॅप्टननं बॉल त्याच्या हातात द्यावा की नाही, ते कॅप्टननं ठरवावं. मी असते तर तिसऱ्या-चौथ्या रविवारपर्यंत थांबले असते.

जाळीचं नंतर बघू. तोवर दोन्ही गोलच्या मागं दोन-दोन ज्युनिअर उभे करा, बॉल बाभळीत जायच्या आत अडवायला.